अब्बा शेजारी बसले की पान नीट दिसायचं

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक वेळा जेवताना, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून. वाचताना मनात एकच चालू असायचं... हा माणूस अर्धवट झोपेत असणार, ही बाई दमलेली असणार, या घराचं वायरिंग खराब असणार. एक-दोनदा प्रतिक्रियेत तसं लिहिलंही, जरा तिरकसपणे. आता माझ्या अनुभवाखाली कुणी तसंच लिहिलं तर माझी तक्रार नाही.

आधीच सांगते, यात भूत नाही, अमावस्या नाही, ओसाड रस्ता नाही. सगळं भरदुपारी घडलं, बारामतीत, भिगवण रस्त्याच्या बाजूला एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, आमच्या हॉलमध्ये. मला भीती अशी वाटलीच नाही. वाटली ती लाज, आणि ती अजून वाटते. लिहायला इतके दिवस लागले ते त्यामुळेच.

माझं नाव नसीम. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. लग्न केलेलं नाही — तो वेगळा विषय. आमचं मूळ घर इंदापूरचं. तिथल्या बाजारपेठेत अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतून बायका यायच्या, आणि गर्दी कितीही असली तरी हात अब्बांच्याच हातात द्यायच्या. "हात सैल सोडा ताई, इकडं बघू नका, पोराकडं बघा," असं म्हणत म्हणत अब्बा अख्खा चुडा चढवून मोकळे व्हायचे. काच कधी कुणाला लागली नाही.

गेल्या वर्षी दुकानातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. म्हणजे आवाज आहे. प्रश्न विचारल्याचा सूर येतो, रागावल्याचा येतो, थट्टेचासुद्धा येतो. पण शब्द एकही कळत नाही. "लामत... दिबं... लामत ना?" असं काहीतरी. डॉक्टर म्हणाले, त्यांना आपलं सगळं समजतं, बोलायचं काय तेही मनात ठरलेलं असतं, बाहेर येताना विस्कटतं. वाचायचंही गेलं. तरी सकाळी पेपर हातात लागतोच त्यांना, डाव्या हातात.

व्यायाम करून घेणारा चांगला माणूस बारामतीत होता, म्हणून अम्मी आणि अब्बांना मी इथे माझ्याकडे आणलं. सगळे मला म्हणायचे, पोरगी असावी तर अशी. मलाही ते ऐकायला आवडायचं.

आता थोडं कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं काम काळ्या पडद्यावर चालतं — माउस नाही, चित्रं नाही, नुसत्या कमांड टाइप करायच्या. प्रत्येक कमांड कशी वापरायची ते सांगणारं मदतीचं पान कॉम्प्युटरमध्येच असतं. आम्ही त्याला मॅन पेज म्हणतो. साधं पान असतं, काही शब्द ठळक, काही अधोरेखित, बस.

त्या आठवड्यात मी टीममधल्या सगळ्यांच्या मशीनवर एक अपडेट चढवला होता. निर्णय माझा, सही माझी. दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रुपवर बोंब सुरू झाली. मदतीची पानं वाचताच येईनात. जो शब्द ठळक दिसायला हवा त्याच्या पुढे ESC[1m आणि मागे ESC[0m. साध्या अवतरणचिन्हाच्या जागी <E2><80><99> असले आकडे. एक ओळ वाचायची तर निम्मा कचरा बाजूला सारायचा. नवीन भरती झालेली मुलं तर या पानांवरच शिकत होती.

ही अडचण तशी चिल्लर आहे. पानाची मांडणी करणारा प्रोग्राम नवा झाला, ते पान पडद्यावर दाखवणारा जुन्याच सवयीने चालला, की असं होतं. उपाय इंटरनेटवर ढिगाने सापडतात. मी ते सगळे केले. अक्षरसंच बदलला, फॉन्ट बदलला, दाखवणाऱ्या प्रोग्रामला नव्या खुणा ओळखायला सांगितलं, अख्खं पॅकेज काढून परत टाकलं... काही फरक नाही. साहेबांनी विचारलं, "अपडेट मागे घ्यायचा का?" मी ताठ्यात म्हटलं, "गरज नाही सर, करते मी." आणि जमेना. टीममध्ये अडलेले लोक माझ्याकडे येतात, अशी माझी ख्याती. त्या दिवशी दिवसभर मी ग्रुप उघडायचं टाळत होते.

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर अम्मी अब्बांची चाकाची खुर्ची ढकलत आली.

"गॅलरीत ऊन आलं गं. यांना जरा तुझ्यापाशी बसवते."

"बसव," मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं.

अब्बा माझ्या डाव्या हाताला बसले. मी सवयीने तेच पान पुन्हा उघडलं... आणि ते स्वच्छ उघडलं. ठळक ते ठळक, अवतरणचिन्हं जागच्या जागी. एक खूण जास्तीची नाही. मी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. सगळी नीट.

"अब्बा, झालं!" मी ओरडलेच. अब्बा हसले, उजवीकडून न हलणारं ते हसू. मी ग्रुपवर रुबाबात लिहिलं — सुटलं, शेवटच्या बदलाने काम झालं, सगळ्यांनी तोच करा.

थोड्या वेळाने अम्मी अब्बांना व्यायामासाठी आत घेऊन गेली. ग्रुपवर उत्तरं यायला लागली. आमच्याकडे नाही झालं. माझ्याकडेही नाही. मी माझ्याकडचं पान परत उघडलं. ESC[1m. सगळा कचरा परत.

गुरुवारीही तेच झालं. सकाळभर कचरा, दुपारी अब्बा शेजारी आले आणि पान स्वच्छ. आत गेले की परत कचरा. तेव्हा कुठे मला जाणवलं की यात काहीतरी क्रम आहे. आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटाबिटा आला नाही. मला आनंद झाला. आमच्या धंद्यात ज्याचा क्रम सापडला ते अर्धं सुटलं असं धरतात. मी लगेच तपासायला सुरुवात केली.

खुर्ची लोखंडी आहे, तिचा परिणाम असेल? अब्बा पलंगावर असताना रिकामी खुर्ची शेजारी आणून ठेवली. कचरा. खुर्चीत अम्मीला बसवलं. "मला कशाला बसवतेस गं, अवदसा," म्हणत ती बसली. कचरा. वायफाय बंद केलं, चार्जर काढला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला. कचरा. अब्बांच्या अंगात यंत्र वगैरे काही बसवलेलं नाही, हातात घड्याळसुद्धा नाही.

तेवढ्यात तात्या आले. तात्या तळमजल्यावर राहतात. पिंपळीचे शेतकरी, मुलाने इथे फ्लॅट घेतल्यापासून इथेच असतात. रोज दुपारी अब्बांशी गप्पा मारायला येतात. गप्पा म्हणजे तात्या उसाचं आणि कालव्याच्या पाण्याचं बोलणार, अब्बा आपल्या विस्कटलेल्या भाषेत लांबलचक उत्तर देणार, आणि तात्या मान डोलावत "व्हय, ते बी खरं हाय," म्हणणार.

"तात्या, जरा या खुर्चीत बसता का?"

"आं? मला काय झालंय?"

"बसा ना. कामाचं आहे."

तात्या बसले. कचरा. तात्या उठले, अब्बांना आधार देऊन खुर्चीत बसवलं. मी पान उघडलं. स्वच्छ. माझ्या तोंडून "येस!" निघालं. तात्या एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा पडद्याकडे. अब्बाही बघत होते. आपल्यामुळे काहीतरी होतंय हे त्यांना कळलं असावं. चेहरा जरा उजळला होता त्यांचा. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा कुणाला काही उपयोग होत होता... निदान त्यांना तसं वाटलं असणार. हे मला आता सुचतं. तेव्हा मी पुढची चाचणी काय करायची याचा विचार करत होते.

शुक्रवारी अम्मी मामूंबरोबर इंदापूरला गेली. दुकानाची जागा भाड्याची होती, ती सोडायची होती. उरलेल्या बांगड्या खोक्यांत भरून आणायच्या होत्या. अब्बांना हे माहीत होतं. सकाळचा चहा त्यांनी तसाच ठेवला. जाताना अम्मी मला म्हणाली, "आज यांच्याकडं बघ हं. मन लागायचं न्हाय यांचं. आणि वेळेवर बाथरूमला ने."

"हो गं, नेते."

दुपारी मी टीममधल्या अमोलला व्हिडिओ कॉल लावला. माझ्यापेक्षा लहान आहे, पण हुशार आहे, आणि कुणाला सांगणार नाही असा. पडदा त्याच्याशी शेअर केला आणि म्हटलं, "नीट बघ. काही बोलू नकोस, फक्त बघ."

अब्बांना आणलं. पान स्वच्छ. अब्बांना गॅलरीत नेलं. कचरा. परत आणलं. स्वच्छ.

"ताई, तुम्ही मागे सेटिंग बदलताय," अमोल हसत म्हणाला.

"हात दाखवते, थांब." कॅमेरा असा लावला की माझे हात, अब्बा आणि पडद्याचा कोपरा सगळं दिसावं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. अमोलचं हसू थांबलं. "आयला... ताई, परत एकदा करा ना. मी रेकॉर्ड करतो."

आमच्या गॅलरीच्या दाराला सरकत्या काचेची पट्टी आहे. खुर्ची त्यावरून नेताना पुढून उचलावी लागते, नाहीतर दणका बसतो. आधी मी उचलत होते. नंतर घाईत नुसती ढकलत होते. प्रत्येक दणक्याला अब्बांचा उजवा पाय खुर्चीच्या पायरीवरून घसरत होता, आणि मी तो पायाने सारून परत वर घेत होते. हाताने नव्हे. पायाने. हे लिहिताना मी दोनदा थांबले.

अब्बा काहीतरी म्हणायला लागले. "नबी... दातं... नबी!" डावा हात हलवत होते. मी म्हटलं, "अब्बा, एकच मिनिट, शेवटचं." मग अमोल म्हणाला, खुर्ची थोडी लांब ठेवली तर? दारात ठेवली तर? तोंड भिंतीकडे करून बसवलं तर? मी तेही केलं. माझ्या वडिलांना मी भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पडद्याकडे बघत म्हटलं, "बघ, तरी स्वच्छ आहे!" आवाजात केवढा आनंद होता माझ्या.

अब्बा आता मोठ्याने बोलत होते. एकच आवाज परत परत. अमोल हळूच म्हणाला, "ताई... काकांना काहीतरी हवंय बहुतेक."

"अरे, ते तसंच बोलतात. त्याला काही अर्थ नसतो."

मी हे बोलले. त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी राहून बोलले. अब्बा एकदम गप्प झाले.

मग मला फरशीवर पाणी दिसलं. खुर्चीखालून आलेलं. क्षणभर मला कळलंच नाही, मी बाटली सांडली का म्हणून टेबलाकडे बघितलं. मग खुर्ची वळवली. अब्बांनी डाव्या हाताने लुंगी मांडीवर ओढून घेतली होती, जेवढी ओढता येईल तेवढी, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. ज्या माणसाने गावभरच्या बायकांचे हात हातात घेतले आणि कधी कुणाला अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही, तो माणूस मान खाली घालून बसला होता. लॅपटॉपवर कॅमेरा चालू होता. अमोलने कॉल बंद केला. पान मात्र तसंच उघडं होतं, स्वच्छ, वाचता येण्याजोगं.

दार नुसतं लोटलेलं होतं. तात्या आत आले ते नेहमीसारखे "मेहबूबभाई, हायेत का?" म्हणतच. त्यांनी अब्बांना बघितलं, खाली बघितलं, मग मला बघितलं. मी अजून एका हाताने खुर्ची धरून उभी होते.

"काय चाललंय पोरी हे?" आवाज मोठा नव्हता. "कालपास्नं बघतोय मी. माणूस हाय त्यो."

मी अब्बांना आत न्यायला वाकले, तर त्यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला केला. जोरात नाही. दुकानात नको असलेला डबा बाजूला करावा तसा. आणि तात्यांकडे हात केला. तात्यांनीच त्यांना आत नेलं, धुतलं, कपडे बदलले. आतून तात्यांचा आवाज येत होता, कुठल्याशा बैलाची गोष्ट सांगत होते. मी फरशी पुसत होते.

अम्मी संध्याकाळी बांगड्यांची खोकी घेऊन आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "असू दे, होतं," म्हणाली, आणि आत जाऊन अब्बांजवळ बसली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर अब्बांनी माझ्या टेबलापाशी यायला नकार दिला. अम्मी खुर्ची तिकडे वळवायला लागली की ते डाव्या हाताने चाक घट्ट धरायचे. मीही आग्रह केला नाही. माझ्या पडद्यावर कचरा होता तसाच होता, आणि साहेबांना मी कळवून टाकलं की मला जमलेलं नाही.

उपाय पुढच्या आठवड्यात अमोलने शोधला. कंपनीची एक जुनी फाइल प्रत्येक मशीन सुरू होताना आपोआप चालते. तिच्यात कधीकाळी कुणीतरी टाकलेल्या दोन ओळी होत्या. मी केलेली प्रत्येक सेटिंग त्या दोन ओळी पुसून टाकत होत्या. त्या काढल्या आणि सगळ्यांची पानं नीट झाली. माझीही. कचरा का येत होता याचं उत्तर इतकं साधं आहे, मी ते कुणालाही पाच वाक्यांत समजावू शकते.

मग मी अमोलला एकट्याला फोन केला.

"त्या दोन ओळी असताना पान नीट दिसणं शक्य आहे का?"

"नाही ताई. मी माझ्याकडे सगळ्या प्रकारे करून बघितलं. शक्यच नाही." मग म्हणाला, "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. नीट दिसतं त्यात. पाठवू?"

"अब्बांचा आवाज आहे त्यात?"

"...हो."

"पुसून टाक."

त्याने पुसलं असं तो म्हणाला. माझा विश्वास आहे. पुरावा होता, आणि मीच घालवला. त्यामुळे तुम्ही विश्वास ठेवा असं मी म्हणू शकत नाही.

एका दुपारी अब्बा गॅलरीत एकटे होते. मी खाली फरशीवर बसले आणि माफी मागितली. जे जे केलं ते सगळं बोलून दाखवलं, पायाने पाय सारला ते, भिंतीकडे तोंड केलं ते, आणि अर्थ नसतो म्हणाले ते. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोलले. खूप वेळ बोलले. सूर चढला, उतरला, मध्ये एकदा थांबून त्यांनी मला काहीतरी विचारलं, उत्तराची वाट बघितली, मी नुसती बघत राहिले तेव्हा परत पुढे बोलले. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. अम्मीला बोलावलं, तिलाही नाही कळलं. माफ केलं म्हणाले, की असं का केलंस म्हणाले, की दुकानाबद्दल काही विचारत होते... माहीत नाही.

मी तात्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो त्यांचं बोलणं?"

"मला बी न्हाय कळत," तात्या म्हणाले. "पर त्यो बोलतोय न्हवं? मग ऐकायचं."

हल्ली मी दुपारी लॅपटॉप मिटून त्यांच्याजवळ बसते. ते बोलतात, मी ऐकते. अर्थ अजून लागत नाही.

प्रतिक्रियांमध्ये तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे, कारण पूर्वी मीच तसं विचारलं असतं. त्या दोन ओळी परत टाकून, अब्बांना शेजारी बसवून, पुन्हा एकदा बघितलं का? डॉक्टरला दाखवलं का, कुणा इंजिनीअरला घरी बोलावलं का? नाही. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही, आणि ते मिळवायचा जो एक रस्ता आहे तो मला ठाऊक आहे. ओळी टाकायला क्षणभर लागेल. परवापासून अब्बा पुन्हा हॉलमध्ये बसायला लागलेत, पंख्याखाली, माझ्या टेबलापासून चार पावलांवर. हे लिहिताना समोर काळा पडदा उघडा आहे, आणि बोटं दोनदा तिकडे गेली.

मी तो बंद करते आहे.